लेह, दुसरा दिवस: गाडीतून साडेतीन तास

दर रविवारी सिंहगड चढणाऱ्याला लेहमध्ये काय होणार, अशा तोऱ्यात मी गेलो होतो. सिंहगड १३०० मीटर, लेह ३५००. विमानातून उतरल्यावर बॅग उचलून चार पावलं टाकली आणि तोरा उतरला. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो. पहिला दिवस खोलीत झोपून, पाणी पिऊन काढला. तुम्हीही तेच करा, बाजारात ‘जरा एक चक्कर’सुद्धा नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आई बरोबर असल्यामुळे, हॉटेलवाल्याकडूनच टॅक्सी ठरवली. दर टॅक्सी युनियनने ठरवलेले असतात, त्यामुळे घासाघीस फारशी चालत नाही. ठिकाणं आणि थांबायचा वेळ मात्र आधीच बोलून घ्या. ड्रायव्हर लडाखी, हिंदी उत्तम. ‘जुले’ म्हटलं की खुलतो. नमस्कार, धन्यवाद, येतो, सगळ्याला हा एकच शब्द.

सुरुवात विमानतळाजवळच्या हॉल ऑफ फेमपासून केली, ते बरं झालं. लष्कराचं हे संग्रहालय सपाटीवर आहे, दम लागत नाही. कारगिल युद्धात हाती लागलेली शस्त्रं आहेत, पण आई रेंगाळली ती सियाचेनच्या दालनात, जवानांचे बूट आणि थरावर थर घालायचे कपडे बघत. आम्ही दोन स्वेटरांत कुडकुडत होतो.

मग लेहचा राजवाडा. सतराव्या शतकातला, लडाखचा राजा सेंगे नामग्यालच्या काळातला, नऊ मजली, दगड-माती-लाकडाचा. जम्मूच्या डोगऱ्यांनी लडाख जिंकल्यावर राजघराणं सिंधू नदीपलीकडे स्तोक गावी गेलं. गाडी जवळपर्यंत जाते, पण आतले जिने उंच आणि अंधारे. ड्रायव्हर म्हणाला, “आंटीजी गाडी में बैठेंगी, आप भी आधा ही जाना.” मी अर्थातच ऐकलं नाही. तिसऱ्या मजल्यावर कानशिलं ठणकायला लागली आणि एका खिडकीत बसून राहिलो. खाली जुन्या लेहची मातीची धाबी, समोर स्तोकच्या डोंगरांवरचा बर्फ. वर न जाताही दृश्य पुरेसं होतं, हे कळायला पंधरा मिनिटं बसावं लागलं. घरातल्या ज्येष्ठांना राजवाडा बाहेरूनच दाखवा.

शांती स्तूप शेवटी, सूर्यास्ताच्या तासभर आधी. जपानी भिक्षूंच्या पुढाकाराने बांधलेला हा पांढरा स्तूप १९९१ साली पूर्ण झाला. पायथ्याच्या चांगस्पा वस्तीकडून पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत, त्यांच्याकडे वळूसुद्धा नका. गाडीने वरपर्यंत जाता येतं. ड्रायव्हरला तसं आधीच सांगा, नाहीतर एखादा पायथ्याशीच उतरवायचा. वर वारा बोचरा, कानटोपी हवीच. दुपारी मात्र ऊन भाजतं, सनस्क्रीन विसरलेल्या माझ्या नाकाची साल चार दिवस निघत होती.

आणखी दोन गोष्टी. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम इथे चालत नाही, पोस्टपेड लागतं, तेव्हा ड्रायव्हरला परत भेटायची जागा बोलून ठेवा. उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्स ही गोळी घ्यायची का, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आमच्या बाजूच्या खोलीतल्या मंडळींनी दुसऱ्याच दिवशी लेहहून कितीतरी उंच असलेली ‘खारदुंग ला’ ही खिंड गाठली. संध्याकाळी त्यांच्यातला एक जण ऑक्सिजनचा सिलिंडर लावून पडला होता.

परतताना मुख्य बाजाराच्या तोंडाशी उतरलो. फुटपाथवर लडाखी बायका भाजी आणि सुके जर्दाळू घेऊन बसतात. आईने अर्धा किलो घेतले, बिया फोडून आतला गर खायचा असतो हेही शिकून आली. पिशवी तिनेच उचलली.