मेल येतायत पण जात नाहीत

सोमवारी बॅग खाली ठेवायच्या आधीच अकाउंट्सच्या मॅडम टेबलापाशी हजर. "अहो, मेल येतायत पण एकही जात नाहीये, आउटबॉक्समध्ये नुसता ढीग लागलाय." ढीग म्हणजे ४३ मेल, शुक्रवार दुपारपासूनचे, आणि त्यात महिनाअखेर.

मी आयटी सपोर्टला आहे, आणि अशा वेळी हात आपोआप पासवर्डकडे जातो. बदलला पासवर्ड. झालं, आता मॅडमच्या मोबाइलवर येत होते ते मेलही बंद. मेल नीट येत होते म्हणजे पासवर्ड बरोबरच होता, एवढं साधं डोक्यात यायला हवं होतं, पण नाही आलं.

मग जरा शांत बसून आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, तिथे अकाउंटवर डबल क्लिक. इनकमिंग सर्व्हर आमच्या होस्टिंगवाल्याचा, म्हणजे ज्याच्याकडे आमचे मेल असतात त्याचा, बरोबर. आउटगोइंग सर्व्हर मात्र भलत्याच कुणाचा तरी, नीट वाचलं तर आमच्या जुन्या इंटरनेट कंपनीचा, आणि शुक्रवारी दुपारीच आम्ही कनेक्शन बदललेलं. तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

म्हणजे कसं, मेल आणायचं काम आयमॅप किंवा पॉपचं आणि पाठवायचं एसएमटीपीचं, दोन्हीचे सर्व्हर, पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर), लॉगिन सगळं वेगळं असू शकतं, आणि एक मस्त चालतंय म्हणून दुसरं चालेलच असं काही नसतं. एसएमटीपी १९८२ चा, तेव्हा त्यात पासवर्डची सोयच नव्हती, ती मागाहून जोडली. त्यामुळे इंटरनेट कंपन्या आपल्या लाइनवरून आलंय ना, मग आपलाच कस्टमर, असं धरून काही न विचारता मेल पुढे ढकलायच्या. आमच्याकडे कधीकाळी कुणीतरी तीच सोय वापरून ठेवलेली. लाइन बदलली तसा आयपी, म्हणजे आमचा इंटरनेटवरचा पत्ता, बदलला, आणि तो सर्व्हर म्हणाला तुम्ही कोण? एररमध्ये ५५० नंबर टाकून रिले करणार नाही, म्हणजे तुमचे मेल पुढे पाठवणार नाही, असं स्वच्छ लिहिलेलं होतं, पण पॉपअप वाचतं कोण, मॅडम तो बंद करून परत सेंड दाबत होत्या.

आउटगोइंगला होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरचं नाव टाकलं, पोर्ट २५ टाकला. टेस्ट दाबली, गोल गोल फिरतंय आणि टाइमआउट. नव्या कनेक्शनवर २५ ब्लॉक. तेही बरोबरच आहे म्हणा, व्हायरस लागलेले कॉम्प्युटर त्याच पोर्टवरून स्पॅम सोडतात म्हणून कंपन्या तो बंद ठेवतात, तो आता सर्व्हर ते सर्व्हर बोलण्यासाठी. आपण ५८७ किंवा ४६५ वापरायचा.

आता अंदाजपंचे नको म्हणून सीपॅनेल, म्हणजे होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल, उघडलं, ईमेल अकाउंट्समध्ये कनेक्ट डिव्हायसेस, तिथे सगळं छापलेलंच असतं, सर्व्हरचं नाव, पोर्ट ४६५, युजरनेम म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता. (हे पान आधी उघडलं असतं तर चहा गार झाला नसता.) ४६५ टाकला तरी परत लटकलं! कारण खालच्या एन्क्रिप्शनच्या (कनेक्शनला कुलूप लावायच्या) यादीत मी स्टार्टटीएलएस निवडलेलं, ते ५८७ सोबत चालतं, साधं कनेक्शन उघडून मग कुलूप लावायचं. ४६५ ला पहिल्यापासूनच कुलूप लागतं, तिथे एसएसएल/टीएलएस हवं. नाहीतर दोघंही समोरचा आधी बोलेल म्हणून गप्प बसतात.

ते बदललं तर टाइमआउट गेला, पण सर्व्हरने परत रिलेचं कारण सांगून हाकललं. मोअर सेटिंग्जमध्ये आउटगोइंग सर्व्हरचा टॅब असतो, त्यात माझ्या सर्व्हरला ऑथेंटिकेशन (लॉगिन) लागतं ही टिकच नव्हती, जुन्या कंपनीला कधी लागलीच नाही ना. टिक केली, खाली इनकमिंगचंच लॉगिन वापर हा पर्याय ठेवला, सेंड दाबलं आणि आउटबॉक्समधला आकडा ४३, ४२, ४१ करत उतरायला लागला. मॅडम आधी खूश, मग एकदम गप्प. एकाच पार्टीला तेच स्टेटमेंट त्यांनी सहा वेळा नव्याने लिहून पाठवलं होतं, सहाही गेले.

मोबाइलवर नवा पासवर्ड टाकून दिला आणि बाकीच्या मशीन बघत फिरलो. अजून दोघांकडे तोच जुना सर्व्हर निघाला. त्यातल्या एकाला पत्ताच नव्हता, शुक्रवारपासून त्याने एकही मेल पाठवला नव्हता.