पाणी तोडायचे दिवस

बागकामाच्या इंग्रजी पुस्तकात हिवाळ्याआधीची कामं वाचली की वेंगुर्ल्यात बसून हसू येतं. कंद उकरून घरात घ्या म्हणे, गोठतील. इथे डिसेंबरातही पंखा लावून झोपायचं! आमच्या झाडांची खरी परीक्षा पाऊस गेल्यावर. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळायचं आणि मग जूनपर्यंत जवळजवळ काहीच नाही. त्यात जांभ्याची माती, ती कसलं पाणी धरतेय? खताचा कस पावसाने आधीच धुऊन नेलेला असतो.

म्हणून दिवाळी झाली की आळी नीट करायची, शेणखत घालायचं आणि वर पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा, जाड थर. आमच्याकडे पातेरा गोळा करून पेटवायची भारी हौस. मला ते बघवत नाही. फक्त वाळवीच्या भीतीने तो बुंध्यापासून वीतभर लांब ठेवते.

सोनटक्क्याचे फुलून गेलेले दांडे मुळापासून कापते. ते परत फुलत नाहीत, उगाच जागा अडवतात. कोवळे कोंब तेवढे ठेवायचे.

भुईचाफ्याची गंमत वेगळीच. याच दिवसांत त्याची पानं पिवळी पडतात आणि हळूहळू झाड दिसेनासं होतं. शेजारच्या काकू म्हणतात, "तो मरूक नाय गो, निजलो हा." निजलेल्याला पाणी घातलं तर कांदा कुजतो. त्या जागी चिऱ्याचा तुकडा ठेवते, नाहीतर कुणीतरी मिरची लावायला नेमकं तिथेच खणतं. एप्रिल-मेमध्ये उघड्या मातीतून एकही पान नसताना जांभळी-पांढरी फुलं वर येतात आणि सकाळी सगळं परसू वासाने भरतं.

मोगऱ्याचं पाणी मात्र आपणच तोडायचं. डिसेंबरात ताण दिला, पानं जरा मलूल झाली की छाटणी, मग खत आणि पुन्हा भरपूर पाणी. उन्हाळ्यात कळ्या धरतात त्या या उपासामुळे. पाहुणे तहानलेलं झाड बघून हळहळतात, कुणी तर न विचारता तांब्या ओतून मोकळे होतात.

अबोलीला हे काही चालत नाही. तिला ताण सोसत नाही, माती सतत ओलसर हवी. शिवाय वेणीसाठी तिच्याकडून रोज फुलं घ्यायची, मग सगळी बाग उपाशी असली तरी तिच्या मुळाशी तांब्याभर पाणी जातंच.