लॅमिंग्टन रोडवरच्या डब्याची झाडाझडती

जुन्या कॉम्प्युटरमधल्या भागांची यादी काढणारी माझी बॅश स्क्रिप्ट (लिनक्सच्या कमांड ओळीने चालवणारी छोटी फाइल) या खेपेला बरीच पुढे सरकली. आधी ती नुसती नावं गोळा करायची: प्रोसेसर कुठला, रॅम किती, डिस्क कोणती. आता प्रत्येक भागासमोर दोन रकाने आहेत. भागाची क्षमता किती, आणि या बोर्डावर तो आत्ता कितीने चालतोय. दुसरा रकाना नसेल तर यादी अर्धवटच, असं माझं ठाम मत झालंय.

मशिन मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सेकंडहँड उचललेलं: इंटेलचा कोअर आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा (डिस्क, यूएसबी वगैरे सांभाळणाऱ्या चिपचा) बोर्ड. त्यात माझ्याकडची साटा जोडणीची एसएसडी आणि जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड बसवलं, आणि लिनक्स पेनड्राइव्हवरून बूट केलं.

सुरुवात नेहमीप्रमाणे 'एलएसपीसीआय'ने (बोर्डावरच्या चिपा आणि कार्डांची यादी देणारी कमांड), 'एनएन' आणि 'के' हे पर्याय लावून. 'एनएन'मुळे नावाशेजारी व्हेंडर आणि डिव्हाइसचे आयडी दिसतात, 'के'मुळे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) कुठला ड्रायव्हर जोडलाय ते कळतं. इंटेलचा आयडी ८०८६, म्हणजे १९७८ सालच्या त्या प्रोसेसरचाच आकडा. तो दिसला की मला दर वेळी छान वाटतं. नेटवर्क चिप रिअलटेकची निघाली, १०ईसी:८१६८, ड्रायव्हर आर८१६९. इथे नवख्यांसाठी एक गोष्ट: ८१६८ हा आयडी चिपच्या अनेक पिढ्यांना एकच आहे. नेमकी पिढी हवी असेल तर रिव्हिजन बघा, किंवा 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ड्रायव्हरने बूटच्या वेळी काय छापलंय ते वाचा.

आता एसएसडी. 'एलएसबीएलके'ने आकार आणि मॉडेल सांगितलं, 'रोटा'च्या रकान्यात ० दाखवला, म्हणजे फिरणारी तबकडी नाही. एवढ्यावर थांबलं तर सगळं आलबेल वाटतं. पण डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्टसीटीएल'मध्ये साटाची ओळ वाचा: क्षमता सेकंदाला ६ गिगाबिट, चालू वेग ३ गिगाबिट. केबल बदलून उपयोग नाही, कारण एच६१ मध्ये ६ गिगाबिटचं पोर्टच नाही. म्हणजे 'एलएसपीसीआय'मधली चिपसेटची ओळ आणि 'स्मार्टसीटीएल'मधली ही ओळ शेजारी ठेवली की कारण आपोआप कळतं. मला या छंदातला सगळ्यात जास्त आनंद अशा जोड्या लावण्यातच मिळतो.

रॅमचंही तसंच. 'डीएमआयडीकोड' या कमांडला टाइप १७ विचारला की प्रत्येक स्लॉटची माहिती येते. त्यात 'स्पीड' वेगळा आणि 'कॉन्फिगर्ड मेमरी स्पीड' वेगळा. माझी डीडीआर३ ची पट्टी १६०० ची, चालते १३३३ वर, कारण आय३-२१२० मधला मेमरी कंट्रोलर त्याच्या पुढे जात नाही. टाइप १६ मध्ये बोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेईल ते असतं. रॅम विकत घ्यायला निघण्याआधी ते बघून ठेवावं.

ग्राफिक्स कार्डाने मात्र बराच वेळ खाल्ला, आणि तो सार्थकी लागला. कर्नलच्या 'सिस' फाइलसिस्टममध्ये प्रत्येक पीसीआय एक्सप्रेस डिव्हाइसच्या फोल्डरात 'मॅक्स_लिंक_स्पीड' आणि 'करंट_लिंक_स्पीड' अशा दोन फाइली असतात. स्क्रिप्ट आता थेट त्या वाचते, सुडो (ॲडमिनचे अधिकार) लागत नाही. जीटी १०३० ची क्षमता ८ गिगाट्रान्सफर प्रति सेकंद. रिकामं बसलेलं असताना चालू वेग २.५ दिसला. तो आकडा टिपून कार्डाला किंवा स्लॉटला दोष देण्यात अर्थ नाही, कारण वीज वाचवायला कार्ड स्वतःच लिंक खाली उतरवतं. कार्डावर भार टाकणारी 'जीएलमार्क२' ही चाचणी चालवून पुन्हा वाचलं तेव्हा ५ आलं. या प्रोसेसरची पीसीआय एक्सप्रेस दुसऱ्या पिढीची, तेव्हा ५ हेच तिथलं कमाल. म्हणून स्क्रिप्टमध्ये हा आकडा आता कार्डावर भार टाकूनच टिपला जातो.

यादीच्या फाइलला नाव काय द्यायचं हा प्रश्न होता. मशिनचा सीरियल नंबर सोयीचा, पण सुट्या बोर्डांवर त्या जागी बऱ्याचदा 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' (बनवणाऱ्याने भरायचं) एवढंच असतं. 'डीएमआयडीकोड' हार्डवेअर तपासत नाही, बायोसने आपल्या तक्त्यात जे लिहून ठेवलंय ते वाचून दाखवतो. त्यामुळे नाव मॅक ॲड्रेसवरून (नेटवर्क चिपच्या स्वतःच्या नंबरावरून) दिलं.

पावसाळ्यात आपल्याकडे हवेत जो दमटपणा असतो, त्याने रॅमच्या सोनेरी दातांवर थर चढतो. मधेच 'डीएमआयडीकोड'मध्ये एका स्लॉटपुढे 'नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड' आलं, पट्टी आत असूनही. खोडरबराने दात हलक्या हाताने घासले, भुगा ब्रशने झटकला, पट्टी परत बसवली, दोन्ही स्लॉट दिसले. याद्या गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) असल्यामुळे 'डिफ' मारला, म्हणजे दोन आवृत्त्यांतला फरक बघितला, की अशी हरवलेली ओळ लगेच नजरेत येते.

'एलएससीपीयू'च्या फ्लॅग्जमध्ये, म्हणजे प्रोसेसरला काय काय जमतं त्या यादीत, व्हीएमएक्स (व्हर्च्युअल मशिनसाठीची सोय) आहे, एईएस (एन्क्रिप्शनसाठीची) नाही. व्हर्च्युअल मशिन चालतील, पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायची तर प्रोसेसरवर ताण येईल.

जुनी हार्डडिस्क घेणार असाल तर पेनड्राइव्ह खिशात ठेवा आणि दुकानातच बूट करू द्या म्हणून विचारा. 'स्मार्टसीटीएल'मध्ये ५, ९ आणि १९७ या नंबरांच्या ओळी बघा: बदललेले सेक्टर, चाललेले तास, अडकलेले सेक्टर. १९७ पुढे शून्याशिवाय काही दिसलं तर मी ती डिस्क घेत नाही.

पुढचं काम यूएसबीचं. 'एलएसयूएसबी'ला 'टी' लावलं की झाडासारखी रचना आणि प्रत्येक फांदीचा वेग येतो. या बोर्डावर सगळं ४८० मेगाबिट किंवा त्याखाली, कारण एच६१ मध्ये यूएसबी ३ नाही. पण ही कमांड फक्त चालू वेग सांगते. डिव्हाइसची क्षमता त्याच्या डिस्क्रिप्टरमधून (डिव्हाइस स्वतःबद्दल देतं त्या माहितीतून) काढावी लागेल, तो भाग आता लिहायला घेतलाय.