दोन पांढरे ठिपके

गुरुवार, रात्री ११

आज अण्णांचा दुसरा एमआरआय झाला. डॉक्टरांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी लावली. जुनीवर लहान मेंदूत डावी-उजवीकडे दोन पांढरे ठिपके, अगदी एकासारखा एक. नवीवर तीच जागा, पण ठिपके नाहीत. "नक्की अण्णांचीच ना ही?" मी दोनदा विचारलं. त्यांनी कोपऱ्यातलं नाव दाखवलं.

अमिबामुळे यकृतात गळू झालं होतं. पू सुईने काढला, मेट्रोनिडॅझोल सुरू झालं. ४०० मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. घरी सोडताना कार्डावर 'चालू ठेवा' एवढंच लिहिलेलं. किती दिवस, ते नाही. संपल्या की मेडिकलमधून नवी पट्टी आणायची, हे काम माझं. पाच आठवडे मी हाताने त्यांना ते भरवलं. सर्वसाधारणपणे हा कोर्स सात ते दहा दिवसांचा असतो, हे मला आता कळतंय. आठवलं की अजून पोटात कालवतं.

मग जीभ जड झाली. 'रामकृष्णहरी' म्हणताना शब्दाचे तुकडे पडायचे. चालताना झोकांड्या. एक एकादशी न चुकवलेल्या माणसाबद्दल शेजारच्या काकूंनी मला हळूच विचारलं, "घेतात का गं?" त्या रात्री मी खूप रडले.

मला वाटलं अर्धांगवायूचा झटका आला. या नव्या डॉक्टरांनी फिल्म बघून आधी विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" ठिपके होते ते डेंटेट न्यूक्लियसवर. बोलणं आणि तोल सांभाळणारी जागा. झटक्याचा डाग बहुतेक एका बाजूला असतो, हे दोन्हीकडे सारखे होते. पेशी मेलेल्या नाहीत, सूज आहे, औषध बंद केलं की बहुतेक ओसरेल, असं ते म्हणाले. दुसरं औषध काही दिलंच नाही, फक्त गोळी थांबवली. आठवड्याभरात जीभ मोकळी झाली. तिसऱ्या आठवड्यात अण्णा भिंत न धरता न्हाणीघरात गेले.

आल्या आल्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं: मेट्रोनिडॅझोल देऊ नये, मेंदूवर परिणाम झाला होता. उरलेली पट्टी कपाटात होती, तीही काढून टाकली.

त्याच गोळ्यांनी तळपायांना आलेल्या मुंग्या मात्र गेलेल्या नाहीत. नसांना महिने लागतात, कधी थोडं राहूनही जातं म्हणे. आज दवाखान्याचा जिना उतरताना अण्णांची एक चप्पल वरच्या पायरीवर राहिली. त्यांना कळलंच नाही. मी मागे जाऊन घेऊन आले.