तुम्ही विचारलेत म्हणून : लाज आणि शिट्टी

जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे शिकवून मी निवृत्त झालो. आजही तरुण शिक्षकांमध्ये बसलो असताना ‘अभ्यास न करणाऱ्या मुलांची नावे परिपाठात वाचून दाखवू नका’ असे म्हटले, की कोणीतरी हमखास विचारतेच, “पण गुरुजी, लाज वाटल्याशिवाय माणूस सुधारतो का?” प्रश्न खोडसाळ नसतो, आणि मी तेथल्या तेथे देतो ते उत्तर मलाच अपुरे वाटते. पुरे उत्तर हागणदारीतून सुरू होते, त्यामुळे हातात चहाचा कप असताना ते सांगणे बरे दिसत नाही.

स्वच्छ भारत अभियानाच्या काळात, म्हणजे २०१४ नंतरच्या एका हिवाळ्यात, मी आमच्या गावच्या ‘गुड मॉर्निंग पथका’त होतो. ग्रामसेवक, आम्ही दोन शिक्षक आणि ग्रामपंचायतीचा शिपाई असे चौघे पहाटे पाचला निघत असू. जवळ शिट्टी, बॅटरी, नावे टिपायची वही आणि काही दिवस गुलाबाची फुलेसुद्धा असत. उघड्यावर बसलेल्या माणसाला लाज वाटली की तो घरी शौचालय बांधील, असा एकंदर हिशेब होता. हा हिशेब आमच्या डोक्यातून निघालेला नव्हता. बांगलादेशातील राजशाही भागात कमल कर या विकास-सल्लागारांनी १९९९-२०००च्या सुमारास गाव हागणदारीमुक्त करण्याची जी पद्धत बसवली, तीतही किळस आणि लाज यांवरच भर होता. मात्र तेथे गावकरी स्वतः जमिनीवर गावाचा नकाशा काढून घाण कोठे साचते ते दाखवीत. आमच्याकडे बॅटरी आमच्या हातात होती आणि उजेड समोरच्यावर.

पहिल्याच आठवड्यात एका वयस्कर बागायतदाराला आम्ही फूल दिले. त्यांनी ते टोपीत खोवले, टमरेल उचलले आणि “चहा पण आणलाय का, गुरुजी?” असे विचारून सावकाश चालू लागले. आम्ही सगळे हसलो. वहीत त्यांचे नाव लिहायचे कोणाला सुचले नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ओढ्याच्या अलीकडे, जेथे बायका जात, तेथे शिट्टी वाजली. तिघी-चौघी पळाल्या; एक मात्र जागच्या जागी उठून उभी राहिली आणि तिने तोंडावरून पदर ओढला. तोंड दिसत नसले तरी मी तिला ओळखले, कारण पदराच्या काठाशी लावलेले निळे ठिगळ मी पालकसभेत पाहिले होते. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. ग्रामसेवकांनी विचारले, “कोण आहे?” मी नाव सांगितले. त्या दिवशी संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून यादी वाचली गेली.

त्या बाईजवळ लाजेची काय कमतरता होती? लाजेपायीच तर ती दिवसभर कळ सोसून अंधार पडायची किंवा पहाटेची वाट पाहत असे, आणि रस्त्याने गाडीचा दिवा आला की अर्ध्यातून उठून उभी राहत असे. कमतरता होती ती पाण्याची, कारण आमच्या गावाला आठवड्यातून एकदा नळ येई. पुढे १२,००० रुपयांचे अनुदान मिळून तिच्या दाराशी शौचालय उभे राहिले, वहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण झाली आणि त्या खोलीत गोवऱ्या रचल्या गेल्या. दोन वर्षांनी पाइपलाइन आली, तेव्हा शिट्टीवाचून गोवऱ्या बाहेर निघाल्या.

मराठीत लाज वाटते, लाज राखतात आणि लाज काढतातही. राखायची ती आणि काढायची ती लाज एकच असते, हे आम्ही विसरलो होतो. पाली बौद्ध ग्रंथांत हिरी आणि ओत्तप्प यांना जगाचे रक्षक म्हटले आहे : हिरी म्हणजे वाईट करताना आपले आपल्यालाच वाटणारे लाजिरवाणेपण आणि ओत्तप्प म्हणजे त्याच्या परिणामांचे व निंदेचे भय. आपली मनाची आणि जनाची लाज याच जोडीच्या जवळची आहे. शिट्टीने फार तर दुसरी जागी होते, आणि तीही ज्याचे गावात काही चालत नाही त्याच्याच वाट्याला येते. टोपीत फूल खोवणाऱ्याला जनाची पर्वा करण्याचे कारणच नव्हते.

ज्यांच्या नावाने राज्यात २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान चालले, त्या गाडगेबाबांनीही गावांना लाज वाटायला लावलीच होती, असे कोणी म्हणेल. लावली होती, हे खरे. पण गावात आल्यावर ते आधी स्वतः खराटा घेऊन रस्ता झाडीत आणि कीर्तनाला रात्री उभे राहत. समोर घाण उपसणारा माणूस पाहून जो ओशाळतो, त्याला त्याच्या शेजारी जाऊन दुसरा खराटा उचलता येतो. बॅटरीच्या उजेडात सापडलेल्याला मात्र तोंड लपवण्यापलीकडे काही करता येत नाही. परिपाठात ज्याचे नाव वाचले जाते, त्या मुलाचीही हीच गत होते, आणि पुष्कळदा ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेतच येत नाही.

तिचा मुलगाही चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत तो टेबलाजवळ येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “गुरुजी, भोंग्यावर सांगायला त्यांना नावं कोण देतं?” मतदारयादीत सगळ्यांची नावे असतात, असे मी त्याला सांगितले आणि फळा पुसायला वळलो. फळा कोराच होता.