ब्रिजखाली काय आहे?

पोकळ गिटार हातात आली की बहुतेक लोक तिच्या पोटावर टकटक करून बघतात. मी एफ-होलमधून, म्हणजे वरच्या फळीतल्या f आकाराच्या भोकातून, टॉर्च मारतो. ब्रिजच्या, म्हणजे शरीरावर तारा जिथे टेकतात त्या तुकड्याच्या, बरोबर खाली काय आहे, एवढंच मला बघायचं असतं. भरीव लाकूड, दोन बारीक पट्ट्या, की नुसती हवा? लाकूड कुठलं, पिकअप (तारांची हालचाल पकडणारे चुंबक) कोणते, रंग कसा, यावर नंतर हव्या तेवढ्या गप्पा मारता येतात. तारांचा धक्का शरीरात उतरतो तो मुख्यतः ब्रिजमधून. तो उतरतो तिथे हलणारी फळी असेल तर ते एक वाद्य, न हलणारा ठोकळा असेल तर ते दुसरंच.

गिब्सन कंपनीच्या दोन गिटारी शेजारी ठेवल्या की हे लगेच पटतं. ईएस-335 आली 1958 मध्ये आणि ईएस-330 त्याच्या पुढच्या वर्षी. घेर तोच, जाडी तीच, एफ-होल तसेच. पण 335 च्या पोटातून मानेपासून शेपटापर्यंत मेपलचा ठोकळा गेलेला असतो, आणि 330 च्या पोटात तो नसतो. दोघींचे पिकअप वेगळे आहेत हे मान्य. तरीही जोरात लावलेल्या अ‍ॅम्पसमोर 330 किती लवकर स्वतःच्याच आवाजाने घुमायला लागते आणि 335 किती वेळ शांत राहते, यामागचं मोठं कारण तो ठोकळाच.

ठोकळ्याची कल्पना 335 पेक्षा जुनी आहे. गिटारवादक लेस पॉलने 1940 च्या सुमारास एपिफोन या गिटार कंपनीच्या कारखान्यात पाइनचा चार इंच बाय चार इंच ओंडका घेतला, त्यावर मान, तारा आणि पिकअप चढवले. ते प्रकरण गिटारसारखं दिसेना, म्हणून एका आर्चटॉपचे, म्हणजे फुगीर फळीच्या पोकळ गिटारीचे, दोन तुकडे करून दोन्ही बाजूंना लावले. आवाज ओंडक्याचा, बाजू निव्वळ शोभेच्या. 335 बघताना मला नेहमी तोच ओंडका लग्नाला जायचे कपडे घालून आल्यासारखा वाटतो.

हाताने गिटार बनवायला बसणाऱ्याने मात्र 335 पासून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी चेंबरवाली करावी, म्हणजे भरीव लाकडात कप्पे कोरायचे आणि वर पातळ फळी चिकटवायची. ग्रेचची 1953 ची ड्युओ जेट दिसायला भरीव, पण आतून अशीच बरीचशी कोरलेली होती. फेंडरची 1968 ची टेलिकास्टर थिनलाइन रॉजर रॉसमाइझलने आखली. त्याने उलटी वाट धरली: शरीर पाठीमागून कोरायचं आणि मागे पातळ फळी लावून बंद करायचं. समोरचा भाग अखंड राहतो, जोडाची रेघ पाठीमागे जाते. मी समोरून कोरतो, कारण मला वरची फळी वेगळ्या लाकडाची हवी असते.

कोरण्याआधी नकाशा. हा भाग कंटाळवाणा आहे, आणि गिटार चांगली की वाईट हे इथेच ठरतं. मधला पट्टा मी साधारण 100 मिलिमीटर रुंद ठेवतो. त्यावर मानेचा खाचा, दोन्ही पिकअप, ब्रिजचे खांब आणि तारांची टोकं अडकवायचा शेपटाचा तुकडा हे सगळं यायला हवं. कडेला 12 ते 15 मिलिमीटरची भिंत. खांद्याच्या पट्ट्याच्या बटणापाशी आणि जॅकपाशी (जिथे केबल जोडतात) ती आणखी जाड, कारण तिथे स्क्रू जाणार असतो आणि वजन लटकणार असतं. तळाशी 6–7 मिलिमीटर. आता ज्यांना पाठीमागे पोटाला टेकेल असा उतार द्यायचा असतो त्यांनी तो उतार नकाशावर आधी काढावा. रंध्याने उतार काढता काढता अचानक कप्प्याचा तळ फुटून उजेड दिसणं हा या धंद्यातला जुना विनोद आहे.

वजनाचा हिशोब सोपा आहे, तो कागदावर करून बघावा. महोगनीची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण 0.55 ग्रॅम धरा. 22 सेंटिमीटर लांब, 6 रुंद आणि 3 खोल असा एक कप्पा म्हणजे 396 घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 218 ग्रॅम लाकूड कमी. दोन बाजूंना दोन कप्पे म्हणजे अर्ध्या किलोच्या जरा आत. दोन-तीन तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला हा फरक नक्की कळतो. कानाला कळतो का? गिटार अ‍ॅम्पला न जोडता वाजवली तर हो, ती मोठी आणि मोकळी वाजते. जोडल्यावर, ब्रिज भरीव लाकडात रोवलेला असेल आणि वरची फळी जाड असेल, तर डोळे मिटून ओळखण्याची पैज मी लावणार नाही. कप्प्यांमुळे आवाजात काय काय अवतरतं याची जी वर्णनं जाहिरातींत वाचायला मिळतात, ती वाचून मी पुन्हा कामाला लागतो.

कोरताना आधी ड्रिल प्रेसवर फोर्स्टनर (सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या) बिटने एकमेकांवर येणारी गोल भोकं पाडून बहुतेक माल काढून टाकायचा, मग फर्मा लावून बेअरिंगवाल्या बिटने राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, फिरवायचा. एका फेरीत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त खोल जाऊ नये. सगळा माल राउटरनेच काढायला गेलात तर बिट तापतो, लाकूड जळतं आणि खोलीभर भुसा होतो तो वेगळाच.

फळी चिकटवायच्या आधी तीन कामं उरकायची असतात, आणि नंतर त्यातलं एकही धड करता येत नाही. पहिलं, वायर जायचे बोगदे: पिकअपपासून पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांच्या) कप्प्यात, तिथून जॅककडे, आणि ब्रिजकडून अर्थची वायर. दुसरं, एफ-होल. ते फळी सुटी असतानाच कापायचं, आणि आतली कड पटाशीने आणि सँडपेपरने साफ करायची. तिसरं, कप्प्यांच्या आतून लाखेच्या पॉलिशचा पातळ हात. बाहेरून लॅकर आणि आतून कोरडं लाकूड अशी स्थिती असली की हवेतला दमटपणा एकाच बाजूने आत शिरतो, आणि लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं-आक्रसतं. आतल्या हातामुळे ते थांबत नाही, पण सावकाश होतं. चिकटवायच्या कडांवर मात्र लाख लागू देऊ नये, तिथे ग्लू धरत नाही.

ग्लू लावला की फळी घसरते. पाण्यातला ग्लू एका बाजूने लागल्यामुळे ती वाकायलाही बघते. म्हणून मी दोन बारीक खुंट्या ठोकतो, एक मानेचा खाचा येणार तिथे आणि एक पिकअपच्या जागी. पुढे तो भाग कापलाच जातो, खुणा उरत नाहीत. वर शरीराच्याच आकाराचा जाड प्लाय ठेवायचा आणि त्यावर घरात असतील नसतील तेवढे क्लॅम्प.

आता 335 च्या जातीची गिटार. इथे कोरणं कमी आणि बांधणं जास्त. कडा 2 मिलिमीटरच्या मेपल पट्ट्यांच्या, तापलेल्या नळीवर ओल्या कापडासकट वाकवलेल्या. मेपलची नक्षी जितकी देखणी तितकी पट्टी कमरेच्या वळणावर तडकायची शक्यता जास्त, कारण नक्षी म्हणजे शेवटी वेड्यावाकड्या गेलेल्या रेषाच. कडांच्या आतून खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्या, म्हणजे टॉप (वरची फळी) आणि पाठ चिकटवायला जागा मिळते. टॉप आणि पाठ गिब्सन पातळ थर साच्यात दाबून बनवायचं: बाहेर मेपल, मध्ये पॉपलर, आत पुन्हा मेपल. ‘म्हणजे प्लायच की’ असं म्हणून नाक मुरडणारे भेटतात. पण त्या गिटारीचं काम जास्त घुमणं हे नाहीच. थर दिलेली फळी ताठ असते, ऋतू बदलला तरी कमी हलते, आणि इथे तेच हवं.

खरी कसरत ठोकळा बसवायची. टॉप फुगीर, ठोकळा सपाट. मधली फट भरायला गिब्सनने खाचा पाडलेल्या स्प्रूसच्या पट्ट्या वापरल्या; खाचांमुळे स्प्रूस वाकतं आणि फुगवट्याला जाऊन टेकतं. एकट्याने काम करताना मी खडू वापरतो. टॉपच्या आतल्या बाजूला खडू घासायचा, पट्टी टेकवायची, जिथे पांढरं उमटलं तेवढंच रंध्याने किंवा स्क्रेपरने काढायचं, पुन्हा टेकवायचं. व्हायोलिनवाले आतली बास-पट्टी असंच बसवतात. सगळीकडे सारखं पांढरं उमटेपर्यंत हे चालतं आणि संध्याकाळ कधी झाली कळत नाही. पण फट राहिली आणि ग्लूने भरली तर ब्रिज ज्यावर उभा आहे ते लाकूड नव्हे, ग्लूची जाड पापडी असते.

पूर्ण पोकळ आर्चटॉप हा तिसरा प्रकार, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तिथे ब्रिज स्क्रूने बसवलेला नसतो. तारांच्या दाबाने तो टॉपवर नुसता टेकलेला असतो, खाली आतून दोन लांब पट्ट्या, आणि तारांचं दुसरं टोक शेपटाकडच्या धातूच्या तुकड्यात अडकवलेलं. जाड स्प्रूसमधून हा टॉप पटाशीने कोरायचा, मधे जाड आणि कडेकडे पातळ. आणि एवढा जीव ओतून कोरलेल्या फळीत नंतर पिकअपसाठी चौकोनी भोकं पाडायची. गिब्सनने 1936 मध्ये ईएस-150 काढली तेव्हा जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या पिकअपचे जड चुंबक टॉपच्या आतून टांगलेले असायचे. वरून दिसायची एक पट्टी आणि तीन स्क्रू.

अशी गिटार अ‍ॅम्पसमोर घुमते, कारण स्पीकरचा आवाज टॉपला हलवतो, टॉप तारांना हलवतो, तारांची हालचाल पिकअप पुन्हा स्पीकरकडे पाठवतो, आणि चक्र सुरू. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग एफ-होलमध्ये कापड कोंबायचा. 1980 मध्ये त्याच्या नावाची गिब्सन आली ती एफ-होलच नसलेली. उलट क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याला हे घुमणं हवंच होतं. त्याने 1963 मध्ये वडिलांबरोबर घरी बनवायला घेतलेल्या गिटारीत पोकळ्या ठेवल्या त्या त्याचसाठी. एफ-होलही पाडायचं ठरलं होतं, ते शेवटी राहूनच गेलं. म्हणून कुणी माझ्याकडे ‘पोकळ गिटार हवी’ म्हणून आलं की मी आधी विचारतो, अ‍ॅम्प किती जोरात लावणार आणि त्यापासून किती लांब उभं राहणार. उत्तरावरून ब्रिजखाली काय ठेवायचं ते ठरतं.

हलक्या शरीराची एक खोड मात्र कोणत्याच प्रकारात सुटत नाही: मान खाली झुकते. शरीरातून अर्धा किलो काढला, पण टोकाला सहा जड ट्यूनर तसेच राहिले की पट्टा लावून हात सोडताच गिटार जमिनीकडे तोंड करते आणि डावा हात वाजवायचं सोडून मान धरून बसतो. उपाय साधे आहेत. हलके ट्यूनर घ्या, वरचं शिंग थोडं लांब ठेवा म्हणजे पट्ट्याचं बटण बाराव्या फ्रेटच्या जवळ येईल, आणि ब्रिजच्या मागचा भाग कोरताना हात आखडता घ्या. 335 च्या आकाराची शिंगं आखूड असतात, तिथे बटण पुढे नेता येत नाही. तिथे मी ठोकळ्याचं मागचं टोक अजिबात पोखरत नाही.

राहिलं वायरिंग. चेंबरवालीला मागे झाकण असतं, डाख मारायचा आणि झाकण लावायचं. 335 च्या जातीत झाकण नाही. चार पॉट, स्विच आणि जॅक पुठ्ठ्यावर मांडून बाहेरच सगळं जोडायचं, मग पॉटच्या दांड्यांना दोरे बांधून एफ-होलमधून किंवा पिकअपच्या भोकातून एकेक आत सोडायचं आणि वरच्या भोकातून दोरा ओढत बाहेर काढायचं. आधी अ‍ॅम्पला जोडून सगळं वाजतंय ना ते तपासा. आणि दोरे चार वेगवेगळ्या रंगांचे घ्या.