भुंग्यासाठी लावलेलं झाड

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात क्लॅरी सेज नावाचं फुलझाड फुललं. बी पेरल्याला चौदा महिने झाले होते.

ते मी भुंग्यासाठी लावलं होतं. वाईला आमच्या ओसरीच्या तुळईत भुंग्यांची भोकं होती. उन्हाळ्याच्या दुपारी त्यातून पिवळसर भुसा गळायचा, आजी तो रोज झाडायची, पण भुंग्याला कधी हाकललं नाही. इथे जर्मनीत ऱ्हाइनकाठी, मायन्झजवळच्या गावात येऊन सहा वर्षं झाली तरी भुंगा दिसला नव्हता. मग एके दिवशी शेजारच्या आजींच्या कुंपणापाशी तोच घुमणारा आवाज आला. तसाच जाडजूड, काळा, उन्हात निळी झाक मारणारे पंख. मी झारी हातात घेऊन तशीच उभी राहिले. इथे त्याला ‘होल्झबीने’, म्हणजे लाकडातली माशी म्हणतात, आणि 2024 साठी जर्मनीत ‘वर्षाची रानमाशी’ म्हणून त्याचीच निवड झाली होती. ज्या फुलांवर तो होता ते क्लॅरी सेज. आजींनी शरदात कागदाच्या पुडीत बी बांधून दिलं.

पहिल्या वेळी मी ते वाया घालवलं. मेथी भिजवतो तसं रात्रभर वाटीत भिजत ठेवलं. सकाळी पाहते तर प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत कवच, थेट फालुद्यातला सब्जा! दोन्ही तुळशीच्याच कुळातली, हे मला तेव्हा सुचलं नाही. दाणे एकमेकांना चिकटले, सुटे करताना बोटांना चिकटले, आणि मातीत गेले ते गोळ्यानेच. सगळे कुजले.

या चिकटपणावरूनच इंग्रजीत त्याला ‘क्लियर आय’ म्हणायचे. डोळ्यात कण गेला की जुने युरोपी वैद्य बी डोळ्यात सोडत. ते फुगून कणाला चिकटवून बाहेर आणी. आमच्याकडे आई पदराचा बोळा करायची, त्यावर तोंडाची वाफ देऊन डोळ्यावर धरायची. बी डोळ्यात घालायला मी कुणालाच सांगणार नाही. पण पेरताना हा गुण लक्षात ठेवा: बी कोरडंच पेरायचं.

दुसऱ्या एप्रिलला निम्मी माती आणि निम्मी जाड वाळू ट्रेमध्ये भरली, चोवीस दाणे वर ठेवले, बोटाने हलके दाबले आणि चिमूटभर वाळू भुरभुरली. पाणी झारीने नाही, फवाऱ्याने, तेही वरची माती सुकल्यावर. बाराव्या दिवशी पहिला कोंब आला. एकूण सतरा उगवले. मेअखेर जमिनीत लावले तेव्हा बिनशंखाच्या गोगलगाईंनी दोन रात्रींत सहा रोपं संपवली. उरलेल्या अकरा रोपांवर मी आठवडाभर रात्री टॉर्च घेऊन पहारा केला.

दोन रोपांत दीड हात अंतर सोडा, जास्त सोडलेलं बरंच. पहिल्या वर्षी फुलं नाहीत. जमिनीलगत फक्त पानांचं चक्र. पानं तळहाताहून मोठी, सुरकुतलेली, मऊ लव असलेली. थंडीला हे झाड भीत नाही, पाणी साचलं की मात्र मुळं कुजतात. म्हणून मी वाफा वीतभर उंच केला आणि खडी मिसळली. खत मुळीच घातलं नाही. आमच्याकडची माती चुनखडीची, द्राक्षमळ्यांची; ती त्याला मानवते.

या द्राक्षमळ्यांशी त्याचं जुनं नातं आहे. जर्मनीत त्याला ‘मुस्काटेलर साल्बाय’ म्हणतात, कारण साध्या वाइनला मस्कट जातीच्या द्राक्षांचा वास यावा म्हणून त्यात ही पानं-फुलं घालत. इ.स. 800 च्या सुमारास शार्लमेन राजाच्या बागांत काय लावायचं याची जी यादी निघाली, तीत ‘स्क्लारेया’ या नावाने हेच झाड आहे. त्याच्या एका राजवाड्याचे अवशेष आमच्या पलीकडे इंगेलहाइमला आहेत. मी तिथे सायकलने जाते.

दुसऱ्या मेमध्ये चक्राच्या मधून चौकोनी दांडा निघाला आणि महिन्याभरात माझ्या छातीपर्यंत आला. फिकट जांभळी फुलं, आणि त्यांच्याखाली गुलाबी पानं, लांबून बघावं तर तीच फुलं वाटतात. त्याच सुमारास आई आली होती. तिने पान चुरडून हुंगलं.

“अगं, घामासारखा वास येतो याला.”

“अजून एकदा घे.”

तिने घेतला. “हां. मागून अत्तरासारखं काहीतरी येतंय.”

याच झाडातल्या स्क्लेरिऑल नावाच्या द्रव्यापासून अत्तरवाले अंबराला, म्हणजे देवमाशाच्या पोटातल्या सुगंधी पदार्थाला, पर्यायी सुगंध बनवतात. तिला मी ते सांगत होते, तेवढ्यात भुंगा आला.

फुलाच्या आत दोन पुंकेसर आहेत, आणि ते तरफेसारखे टेकलेले असतात. भुंग्याने मधासाठी डोकं आत घातलं की खालचं टोक ढकललं जातं आणि वरचं टोक खाली झुकून त्याच्या पाठीवर पराग टेकवतं. मागे सरला की पुंकेसर पुन्हा जागेवर. मी काडी घालून आईला दाखवलं. तिने स्वतः चार-पाच फुलांत काडी घालून पाहिली. मग खुर्ची बाहेर आणून संध्याकाळपर्यंत तिथेच बसली. भुंग्याच्या पाठीवर पिवळी पट्टी उमटली होती.

“वाईला दे की थोडं बी,” ती म्हणाली.

मी दिलं नाही. चार महिन्यांचा आपला पाऊस या मुळांना सोसणार नाही, आणि तिच्या हातून रोप मेलं तर तिला फार लागतं.

फुलून झाल्यावर ऑगस्टमध्ये झाडं वाळली. त्यांचं आयुष्य दोनच वर्षांचं. नऊ दांडे मी कापून जुन्या चादरीवर झटकले. प्रत्येक फुलाच्या पेल्यात जास्तीत जास्त चार दाणे, तपकिरी, गुळगुळीत. दोन दांडे तसेच उभे ठेवले. आज सकाळी त्यांच्या बुडाशी, फरशीच्या फटीत, लव असलेली तीन रोपटी दिसली. फरशी उचलायला येणार असलेल्या गवंड्याला मी फोन करून थांबवलं आहे.